नीमखेडी राहून गेली

ता. ६ सप्टेंबर १९०८, बदनावर

आज घरात एक पाखरू आले आणि त्यावरून अक्का माझ्याशी बोलेनाशी झाली आहे.

तलावाच्या कडेने परत येत होतो. माझा चपराशी मानाजी घोडीचा लगाम धरून पुढे चालला होता. चिखलात सारसाची मादी मरून पडलेली दिसली, मान कोल्ह्याने कुरतडलेली. नराचा पत्ता नव्हता. गवतातून एक पिल्लू निघाले. अंगावर तपकिरी लव, पाय मात्र दुसऱ्या कोणाचे आणून लावल्यासारखे लांब. आम्ही चाललो की ते चाले, थांबलो की थांबे. मानाजी म्हणाला, "पंत, तुमच्या जोड्यालाच आई समजतंय ते." अर्धा कोस आले आणि पडले. मग उचलून आणले.

अक्का माझी थोरली बहीण. देवासला तिच्या सासरी आता कोणी नाही. माझी बायको सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून आम्ही दोघे एकत्र राहतो. तिचे म्हणणे, बेडूक खाणारे जनावर ब्राह्मणाच्या घरात नको. दोन दिवसांनी तलावावर सोडतो असे सांगितले आहे.

ता. २१ सप्टेंबर

सोडले नाही. तलावावर दोनदा नेले, दोन्ही वेळा माझ्या आधी घरी आले.

परसात बोरीखाली राहते. मानाजी फडक्यात नाकतोडे आणि बेडूक आणतो, तेवढ्या वेळ अक्का आत जाऊन बसते. पण भिजवलेली ज्वारी तीच ठेवते हे मी पाहिले आहे. "पाहुणा जेवला का रे?" असे विचारते. मी काही नाव ठेवलेले नाही. ठेवणारही नाही. जनावर आहे, मोठे झाले की जाईल.

ता. १० नोव्हेंबर

हंगाम सुरू झाला. धार दरबाराने मला या परगण्यातल्या मुलांना देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला, नेमले त्याला अकरा वर्षे झाली. थंडी पडली की लशीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून गावोगाव फिरायचे. गावात शिरलो की बायका मुलांना घेऊन ज्वारीत पळतात. टीकावाला आला, मातेचा कोप घेऊन आला. पटेलाला बोलवायचे, चपराशाने दरडावायचे, रडत्या पोरांना ओढून आणायचे. अकरा वर्षे हेच.

आज निराळे झाले. पिल्लू मागे आलेच. आता ते माझ्या कमरेला लागते, डोके गंजल्या लोखंडाच्या रंगाचे झाले आहे. मी चौकात बसलो, ते बाजूला उभे राहिले आणि माझी पगडी चोचीने ओढू लागले. ज्वारीतून एक पोरगी हसली. मग एकेक जण बाहेर आला. दुपारपर्यंत गावातली सगळी मुले टोचून झाली. कोणाला ओढावे लागले नाही.

मानाजीला म्हणालो, कामाला उपयोगी आहे, दौऱ्यावर नेऊ. तो नुसता हसला.

ता. १४ नोव्हेंबर

आज एका मुलाने हात मागे घेतला आणि म्हणाला, "पेलां इके लगाओ, फेर म्हके." आधी याला टोच, मग मला. सगळी पोरे तेच म्हणू लागली.

मी सुई पुसली आणि पिल्लाच्या पायावर, गुडघ्याच्या वर, नुसती ओढली. लस घेतली नव्हती. पिल्लाने पाय झटकला आणि पुन्हा उभे राहिले. मुलाने हात पुढे केला.

ही फसवणूक आहे खरी. पण मूल वाचते. पुढच्या दोन गावांतही हेच केले.

ता. १९ नोव्हेंबर

नीमखेडी. पंचवीसेक भिल्ल घरांची वस्ती. इथे आजवर कोणीच देवी काढू दिल्या नव्हत्या, आज सोळा मुले झाली. रखवालदार भेरा याच्या अंगणात बसलो होतो. पिल्लू त्याच्या कोंबड्यांमध्ये मका टिपत होते. कोंबड्या रोगट दिसल्या. तुऱ्यांवर मस उठलेले, एकीचा डोळाच मिटलेला. भेरा म्हणाला, थंडीत असे होतेच, आपोआप जाते.

त्याची मुलगी सुगन, सात वर्षांची असेल. दिवसभर पिल्लाच्या गळ्यात हात टाकून उभी. पिल्लू कोणाला हात लावू देत नाही, पण तिला लावू दिला. तिची पाळी आली तेव्हा हाताला कढत लागली. ताप असलेल्या मुलाला टोचू नये असा नियम आहे. म्हणालो, "पंधरा दिवसांनी येतो, तेव्हा काढू."

"इके लाओगा?"

याला आणाल ना? म्हणालो, आणीन.

"सौगन खाओ."

शपथ घेतली. निघताना पिल्लू पंख पसरून आमच्यापुढे धावले आणि दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. हातभर उंच, चार हात लांब, तेवढेच. सुगन टाळ्या पिटत मागे धावली. मानाजीने तर मुंडासे काढून हवेत फेकले. परतीच्या वाटेवर मी गुणगुणत होतो असे तो सांगतो. मला आठवत नाही.

ता. ३० नोव्हेंबर

पिल्लाच्या डाव्या पापणीवर फोड आहे. चोचीच्या मुळाशी दोन. काटा लागला असेल असे वाटले होते.

आज पाय धुताना पाहिले. पायावरही आहे. गुडघ्याच्या वर, जिथे मी सुई ओढत असे बरोबर तिथे.

सुई कोरडी होती.

ता. ३ डिसेंबर, धार

कचेरीच्या कामाच्या निमित्ताने आलो. खरे म्हणजे सालोत्री दत्तोपंतांना भेटायला आलो. दरबारच्या घोड्यांची सगळी दुखणी तेच पाहतात. मी फोडांचे वर्णन केले.

ते म्हणाले, "पाखरांना देवी येतात. कोंबड्यांत होता का?"

"छे. अक्का कोंबडी दाराशी येऊ देत नाही."

"मग रानातल्या पाखरांकडून आल्या असतील. औषध नाही याला. डोळे मिटले की खाणं सुटतं. लहान आहे, नाही टिकायचा. मान मोडून टाका, सुटेल बिचारा."

मी विचारले, माणसाच्या देवीची लस पक्ष्याला लागू शकते का. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. "का हो? टोचलीत की काय?"

मी नाही म्हणालो. ते खरेच आहे. सुई पुसलेली होती. मात्र त्याआधी ती लशीत बुडलेली असे, आणि मी ती फडक्यानेच पुसत असे, विस्तवावर धरत नसे. घाई असे.

ता. ६ डिसेंबर, बदनावर

दोन्ही डोळे मिटले. पायांचा आवाज ओळखते आणि तोंड उघडते. चोचीच्या आतही फोड आहेत, त्यामुळे गिळवत नाही. अक्का कडुनिंबाच्या पाण्याने डोळे धुते. आज मी बाहेरून आलो तर अक्का आपल्या हाताने बेडकाचे तुकडे करून त्याला भरवत होती. मला पाहून म्हणाली, "बघतोस काय? मागाहून आंघोळ करीन."

मान मोडणे माझ्याने झाले नाही. दोनदा जवळ जाऊन बसलो. दोन्ही वेळा त्याने डोके माझ्या मांडीवर ठेवले.

दौरा बंद आहे. मला पडसे झाले असे कचेरीला कळवले आहे.

ता. ९ डिसेंबर

सकाळी गेला.

बोरीखाली पुरला. मानाजीने खड्डा खणला. पाय लांब असल्याने खड्डा पुरेना, पुन्हा खणावा लागला.

ता. १० डिसेंबर

कामाला निघालो. अक्का म्हणाली, "आज राहा घरी."

मी म्हणालो, "पाखरू होतं ते. सुतक का आहे त्याचं?"

ती दाराशी उभी राहून म्हणाली, "तुझी बायको गेली तेव्हाही तू तेरावा होताच दौऱ्यावर निघालास. मी तेव्हाही काही बोलले नाही."

याचा इथे काय संबंध ते मला कळले नाही. घोडीवर बसलो आणि निघालो. जवळच्या दोन गावांत गेलो. दारे बंद. एका म्हाताऱ्याने कुंपणाआडून विचारले, "पाखरू कां है?" मी ऐकले नाही असे केले.

ता. १६ डिसेंबर

परसाचे दार लावून घेतले आहे. अक्काला सांगितले, थंडी येते.

बातमी सगळीकडे गेली आहे. टीकावाल्याने पाखराला टीका लावला आणि पाखराला माता आली, डोळे गेले, मेले. आज पटेलाच्या घरीसुद्धा कोणी पाणी विचारले नाही. खुलासा करता येतो. सुई कोरडी होती, ते नाटक होते, असे सांगता येते. पण मग मी लबाड ठरतो. आणि सांगू लागलो तर शेवटही सांगावा लागेल, म्हणून मी सांगतच नाही.

नीमखेडीचे पंधरा दिवस कधीच होऊन गेले. त्या बाजूला रस्ता वाईट आहे.

ता. २८ डिसेंबर

मानाजी म्हणाला, "पंत, उद्या नीमखेडी करू या. भेराची पोर राहिलीय."

मी म्हणालो, तिचा ताप अजून असेल. महिनाभर कसा ताप असेल, असे त्याने विचारले नाही, पण तोंडावर दिसले. मग म्हणालो, आधी उत्तरेची गावे उरकू. उत्तरेच्या गावांतही कोणी दार उघडत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

रात्री नाही, पहाटे नाही, दिवसाढवळ्या रस्त्याने चालताना मला मागे पायांचा आवाज येतो. वळून पाहतो. मानाजी असतो.

ता. ११ जानेवारी १९०९

नीमखेडीला माता आली आहे. भेराची मुलगी पडली आहे. ज्या सोळांना टोचले होते त्यांतले एकही आजारी नाही. बाकीची, जी लहान आहेत किंवा त्या दिवशी रानात होती, त्यांतली तीन.

निरोप कळताच निघालो. भेराने मला अडवले नाही. आत अंधारात खाटेखाली कडुनिंबाचा पाला पसरला होता. सुगनचे तोंड ओळखू येत नव्हते. डोळे मिटलेले, पापण्या फोडांनी भरलेल्या. अशा पापण्या मी गेल्या महिन्यात रोज पाहिल्या होत्या.

माझ्या जोड्यांचा आवाज ऐकून तिने हात बाहेर काढला आणि खाटेच्या कडेला हवेत चाचपला. माझ्या कमरेच्या उंचीवर.

"पाखरू लाया?"

आणले का म्हणून विचारत होती. तिची आई माझ्याकडे पाहत होती. तिला माहीत होते, साऱ्या गावाला माहीत होते. मुलीला कोणी सांगितले नव्हते.

मी म्हणालो, घरी आहे. मोठा झाला आहे. आता उडतो.

"कितरो ऊंचो?"

"झाडाइतका," मी म्हणालो.

तिने हात आत घेतला.

मेला हा शब्द मी आजवर कोणाजवळ उच्चारलेला नाही. इथे लिहितानाही पहिल्यांदा गेला असेच लिहिले. सहा वर्षांपूर्वीच्या वहीतही तसेच लिहिले असणार. ती वही मी उघडून पाहिलेली नाही.

ता. १४ जानेवारी

सुगन काल दुपारी मेली.

कचेरीतून पत्र आले आहे. नीमखेडीची फेरी नियमाप्रमाणे का झाली नाही याचे कारण कळवावे. मी उत्तर लिहिले, प्रथम फेरीच्या वेळी मुलीस ज्वर असल्याने. यातले प्रत्येक अक्षर खरे आहे. ते पाकिटात घातले, मग काढून फाडले. दुसरे लिहिले. माझे पाखरू मेले हे एका मुलीला सांगण्याचे धाडस नव्हते म्हणून मी गेलो नाही, असे लिहिले. मानाजीकडून टपालात टाकले. नोकरी जाईल तर जाईल.

अक्काला वाचून दाखवले. ती म्हणाली, "हे त्या कचेरीला कशाला सांगतोस? ज्यांची पोर गेली त्यांना जाऊन सांग."

ता. १६ जानेवारी, नीमखेडी

सकाळी आलो. मानाजीने भेराला गावाची माणसे बोलवायला सांगितले. तो का बोलवील असे मला वाटले होते, पण त्याने बोलावली. पंधरावीस माणसे अंगणात आली, बायका कुडाच्या आड उभ्या राहिल्या.

माझी माळवी मोडकीतोडकी आहे, तरी तीत बोललो. म्हणालो, मी तुम्हाला फसवले. पाखराला टीका लावतो असे दाखवले, सुईवर लस नव्हती. मुलांनी हात पुढे करावा म्हणून केले. पाखरू आजारी पडले आणि मेले. मेले, असे मोठ्याने म्हणालो. मग म्हणालो, सुगनला पंधरा दिवसांनी येतो म्हणून शपथ घेतली होती आणि आलो नाही. ते मेल्याचे तिला सांगवेना म्हणून आलो नाही. आलो असतो तर ती आज इथे असती.

एक तरुण म्हणाला, "फेर पाखरू कईं से मर्यो? टीका से नी?" मग ते कशाने मेले, टीक्यानेच ना?

मी म्हणालो, "मला माहीत नाही. सुई पुसलेली होती, पण नीट पुसली होती असं शपथेवर सांगवत नाही. माणसाचं मूल टीक्यानं मरत नाही, हे मात्र मी अकरा वर्षं पाहिलंय. तुमची सोळा मुलं बघा."

तो तरुण थुंकला आणि निघून गेला. त्याच्यामागे पाचसहा जण गेले.

एक म्हातारी पुढे येऊन माझ्यासमोर उकिडवी बसली. तिने विचारले, "वीके कां गाड्यो?" त्याला कुठे पुरले?

"घराच्या मागे. बोरीखाली," मी सांगू लागलो. "पाय फार लांब होते. खड्डा पुरेना..." इतक्या लोकांपुढे मी रडलो. कसा रडलो ते मला लिहिता येत नाही. नाक वाहत होते, पगडी पडली. कोणासाठी ते त्या क्षणी कळत नव्हते, आताही नीट सांगता येणार नाही. पाखरू होते, सुगन होती. आणि सहा वर्षांपूर्वीचे तिसऱ्या प्रहरचे ऊन होते, बायकोच्या कपाळावरची ओली घडी बदलत मी बसलो होतो ते.

मी शांत झालो तेव्हा म्हातारी तिथेच बसलेली होती. भेरा कुडाला टेकून उभा होता, माझ्याकडे न पाहता.

सुगनची आई आतून आली. तिच्या कडेवर एक वर्षाचा मुलगा होता. मला ठाऊकच नव्हते की तिला आणखी एक आहे, पहिल्या वेळी तिने त्याला लपवून ठेवले असणार. ती माझ्यासमोर बसली, पोराचा हात उघडा केला आणि तोंड दुसरीकडे वळवले.

"लगाओ," ती म्हणाली. "म्हारी सामे मती देखो."

माझ्याकडे पाहू नका, असे म्हणत होती. मी पाहिले नाही. मानाजीने विस्तव आणला. मी सुई त्यावर धरली, निवू दिली. चार ठिकाणी टोचले. पोर ओरडले. ती उठली, त्याला पदराखाली घेतले आणि आत गेली. तिने मला क्षमा केली असे मी समजत नाही.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत आणखी कोणी आले नाही. सहा मुले उरली आहेत, त्यांतली दोन त्या तरुणाचीच. त्याच्या दाराशी दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी त्याने कुत्रे सोडले.

ऊन उतरल्यावर मानाजीने घोडी आणली. "पंत, उद्या कुठलं गाव?"

"उद्या इथेच," मी म्हणालो. "परवाही."

त्याने खोगीर उतरवले. भेराने हे ऐकले असावे. तो घरामागे गेला, एक खाट ओढत आणली, अंगणात माझ्यापासून चार हातांवर टाकली आणि मुलाकडे आत गेला. मी त्या खाटेवर बसून हे लिहीत आहे. आतून पोराच्या रडण्याचा आवाज येतो आहे, आणि त्याची आई त्याला उगी करते आहे.